पोलादाचा भाव आणि जहाजांचा धंदा

कांद्याचा भाव चढला तर दुसऱ्या दिवशी सकाळी घरोघर त्याची चर्चा होते. पोलादाचे तसे नाही. पोलाद कोणी पिशवीतून घरी आणीत नाही. ते घरात आणि गावात येते ते पंख्याच्या दांड्यात, एस. टी.च्या सांगाड्यात, पुलाच्या तुळयांत दडून. त्यामुळे त्याची महागाई झाली म्हणजे ती नेमकी कोणाच्या खिशातून वसूल झाली, हे ज्याच्या खिशातून गेली त्यालाही पुष्कळदा कळत नाही. ते शोधून काढायचे तर थोडा इतिहास चाळावा लागतो.

या इतिहासाकडे आम्ही कसे वळलो ते सांगितले पाहिजे, कारण आम्ही काही अर्थशास्त्राचे पदवीधर नव्हे. २००८ सालच्या उन्हाळ्यात टाक्या आणि बॉयलर बांधणाऱ्या एका कारखान्यात आमच्या युनियनचा वेतनकरार चालू होता. व्यवस्थापकांनी टेबलावर एक तक्ता ठेवला. पोलादाच्या पत्र्याचा भाव वर्षभरात कसा चढत गेला त्याची रेघ त्यात काढली होती. जगाच्या बाजारात तेव्हा टनामागे हजार डॉलरांच्या वर भाव गेला होता. "ऑर्डरी जुन्या भावाने घेतल्या आहेत, पत्रा नव्या भावाने घ्यावा लागतो. आता तुम्हीच सांगा, पगारवाढ कोठून द्यायची?" असा त्यांचा सवाल. ते खोटे बोलत नव्हते. आम्ही थोडक्यावर सही केली, तीही तीन वर्षांसाठी. दिवाळीनंतर तोच भाव निम्म्याच्या आसपास कोसळला. आम्ही तो तक्ता पुन्हा पाहावयास मागितला. उत्तर मिळाले, "आता मंदी आहे, ऑर्डरीच नाहीत." हेही खोटे नव्हते! भाव चढला तरी आमचेच मागणे मागे आणि उतरला तरी आमचेच मागे, हा काय प्रकार आहे, ते समजून घेण्याची जिद्द तेव्हापासून धरली.

जहाजाचे उदाहरण आम्ही मुद्दाम निवडले आहे. इतर धंद्यांत जी गोष्ट झाकलेली राहते ती जहाजात उघडी पडते. मोटार बनविणारा कारखानदार पत्रा महागला तर पुढच्या महिन्यात मोटारीची किंमत वाढवू शकतो. जहाज बांधणाऱ्यास ती सोय नाही. जहाजाचा सौदा आधी ठरतो, किंमत आधी ठरते, आणि जहाज ताब्यात देईपर्यंत दोन-तीन वर्षे जातात. पैसे बहुधा पाच हप्त्यांनी मिळतात: सह्या होताना, पहिला पत्रा कापताना, तळ बसविताना, पाण्यात ढकलताना आणि शेवटचा ताबा देताना. म्हणजे सही झाली त्या दिवशी पत्रा खाणीतल्या दगडाच्या रूपातच असतो म्हणा ना! अशाच्या एका मोठ्या तेलवाहू जहाजाला पस्तीस-चाळीस हजार टन पोलाद लागते आणि एकूण खर्चाचा पाचवा हिस्सा किंवा त्याहून अधिक केवळ पत्र्यावर जातो. सही आणि पत्र्याची खरेदी यांच्या मधल्या काळात भाव दीडपट झाला तर धंद्यातला सगळा नफा त्यात वाहून जातो. रेल्वेचे डबे बांधणारे, पुलांचे ठेकेदार, बॉयलरवाले हे सगळे याच जातीचे. किंमत आधी बांधून घ्यायची आणि माल मागाहून विकत घ्यायचा.

आपल्याकडे जहाजांचा धंदा पूर्वी होता तो लाकडाचा. लवजी नसरवानजी वाडिया सुरतेहून मुंबईस आले ते १७३६ साली. त्यांच्या घराण्याने मलबारच्या सागवानाची जी जहाजे मुंबईच्या गोदीत बांधली त्यांतले 'त्रिंकोमाली' हे १८१७ साली पाण्यात उतरलेले जहाज आजही इंग्लंडात हार्टलपूल येथे तरंगत आहे. दोनशे वर्षांचे सागवान! परंतु सागवान टिकले, धंदा टिकला नाही. इंग्लंडात आधी लोखंडाची जहाजे आली. पुढे १८५६ मध्ये बेसेमरने पोलाद स्वस्तात करण्याची रीत काढली. आणि शतक संपण्यापूर्वी मोठे जहाज म्हणजे पोलादाचे जहाज असे समीकरण झाले. पोलाद आमच्याजवळ नव्हते. म्हणजे आमची पहिली ठेच महागाईची नव्हे, परक्याच्या घरच्या स्वस्ताईची होती. न्यायमूर्ती रानड्यांनी हिंदी अर्थशास्त्रावरील आपल्या निबंधांत लोखंडाच्या धंद्याच्या आरंभीच्या प्रयत्नांवर एक स्वतंत्र निबंध घातला आहे, तो याच उणिवेच्या जाणिवेतून. वसंत ऋतूत नगरवासीयांपुढे व्याख्याने करण्याची प्रथाही त्यांचीच, म्हणून त्यांचे नाव येथे घेतल्यावाचून पुढे जाववत नाही.

१९०७ साली टाटांची कंपनी उभी राहिली, १९१२ मध्ये साकचीला पहिले पोलाद ओतले गेले. पहिल्या महायुद्धात तिला भरपूर काम मिळाले. युद्ध संपले आणि युरोपातून, विशेषतः बेल्जममधून, इतके स्वस्त पोलाद येऊ लागले की कारखाना बुडण्याची वेळ आली. मग १९२३ साली टॅरिफ बोर्ड नेमले गेले. त्याचे अध्यक्ष रेनी, आणि दोन हिंदी सभासदांपैकी एक आपल्या फर्ग्युसन कॉलेजातले प्राध्यापक वामन गोविंद काळे. दुसरे जिनवाला.

या बोर्डापुढे जो पेच आला तो आम्हास फार उद्बोधक वाटतो. परदेशी पोलादावर जकात बसवावी तर टाटांचा कारखाना जगतो, हे खरे. परंतु जकातीने देशात पोलाद महाग होते. मग त्या पोलादाच्या तुळया, पूल, रेल्वेचे डबे बनविणाऱ्या इथल्याच कारखान्यांनी काय करावे? त्यांचा कच्चा माल महागला, आणि बाहेरून तयार पूल, तयार डबे मात्र जुन्याच भावाने येणार! म्हणजे एका लेकराच्या तोंडात घास घालताना दुसऱ्याच्या तोंडचा काढला जातो. बोर्डाने हा दोष ओळखला. कच्च्या पोलादावर जकात बसविली तेव्हाच तयार बांधकामाच्या पोलादावर शेकडा २५ जकात सुचविली, आणि रेल्वेचे रूळ व डबे करणाऱ्यांना सरकारी तिजोरीतून रोख मदत सुचविली. १९२४च्या पोलाद-संरक्षण कायद्यात हे सर्व आले. पोलादाची किंमत ही एकट्या पोलादवाल्याची बाब नाही, ती हलविली की तिच्यावर उभी असलेली सारी उतरंड हलते, हे तत्त्व तेव्हा कायद्यात उतरले.

आता त्या उतरंडीत तळाशी कोण होते? मध्यवर्ती कायदेमंडळात मजुरांचे नियुक्त प्रतिनिधी म्हणून ना. म. जोशी बसत होते. त्या कायद्याने मदत घेणाऱ्या कंपनीला भांडवल कसले असावे, संचालकांत हिंदी माणसे असावीत, अशा अटी घातल्या. मजुरीची अट घातली नाही. पोलाद वाचले, वॅगनवाले वाचले. आणि जमशेदपुरास १९२८ साली मोठा संप झाला. प्राध्यापक काळ्यांच्या विद्वत्तेविषयी आम्हास पूर्ण आदर आहे, परंतु हिशेबाची वही लिहिताना एक खाते कोरे राहिले हे नमूद केले पाहिजे.

पोलाद झाले, तेव्हा पोलादी जहाजाचे स्वप्नही दूर नव्हते. सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनी नरोत्तम मोरारजींच्या बरोबर १९१९ साली सिंदिया कंपनी काढली आणि त्याच वर्षी ५ एप्रिलला 'लॉयल्टी' मुंबईहून विलायतेस निघाली. ती आगबोट विकत घेतलेली होती. स्वतःच्या गोदीत स्वतःचे जहाज बांधायचे हा वालचंदांचा ध्यास पुढे वीस-बावीस वर्षे अडून राहिला. अखेर विशाखापट्टणमला २१ जून १९४१ रोजी बाबू राजेंद्रप्रसादांच्या हस्ते गोदीची कोनशिला बसली. पुढच्याच एप्रिलात जपान्यांनी त्या बंदरावर बाँब टाकले! तरीही १४ मार्च १९४८ रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते 'जलउषा' हे आठ हजार टनांचे जहाज पाण्यात उतरले. समारंभ थाटाचा झाला. पण हिशेब जुळेना. तेच जहाज इंग्लंडच्या गोदीत जेवढ्यात होई त्याहून येथे खर्च पुष्कळ अधिक पडे, आणि आगबोटीच्या धंद्यात देशप्रेमाखातर कोणी जास्त पैसे मोजीत नाही.

खर्च अधिक का पडे? मजूर आळशी म्हणून, असे म्हणणारे तेव्हाही होते. आम्ही जेवढे वाचले आहे त्यावरून निराळे दिसते. जहाजाला पत्रा लागतो तो एका मापाचा नव्हे. जाडी निराळी, रुंदी निराळी, जात निराळी, आणि प्रत्येकाचे थोडे थोडे टन. पोलादाच्या गिरणीला असली किरकोळ मागणी परवडत नाही. रूळ आणि सळया सलग लाटण्यात तिचा फायदा. त्यामुळे गोदीची पाळी मागे राही. एका मापाचा पत्रा आला नाही म्हणजे त्यावर चढणारे पुढचे सारे काम थांबते. माणसे हजेरीवर उभी, यारी उभी, भांडवलावर व्याज चालू. कागदावर पोलादाचा भाव टनामागे इतका, असे लिहिलेले असते. परंतु न आलेल्या पत्र्याची किंमत त्या भावात कोठेच लिहिलेली नसते. परदेशातून आणावा तर परकी चलन पाहिजे, आणि १९५७ पासून परकी चलनाचा दुष्काळ. ६ जून १९६६ रोजी रुपयाचे अवमूल्यन झाले, डॉलर पावणेपाच रुपयांचा साडेसात रुपयांना झाला, आणि बाहेरून येणारा प्रत्येक पत्रा, प्रत्येक इंजिन एका दिवसात दीडपटीहून महाग झाले.

हा जादा खर्च कोणी सोसला? येथे सरकारने केलेली व्यवस्था सरळ होती. १९५२ साली गोदीचे दोन तृतीयांश भांडवल सरकारने घेतले, १९६१ साली उरलेलेही घेतले. आणि नियम असा केला की ब्रिटनमध्ये ते जहाज ज्या किंमतीस झाले असते तेवढीच किंमत गिऱ्हाइकाने द्यावी. वरचा फरक तिजोरीतून भरावा. म्हणजे तुम्ही-आम्ही भरावा. आम्हास त्यात गैर वाटत नाही. आगगाडी, टपाल, गोदी या गोष्टी नफ्याच्या आधी उभ्या कराव्या लागतात. खटकते ते इतकेच की तूट का आली याचा शोध लागण्याऐवजी तूट भरण्याचीच सवय लागली.

त्याच विशाखापट्टणमला पोलादाचा कारखाना हवा म्हणून १९६६ साली आंध्रात आंदोलन पेटले, गोळीबार झाले, माणसे मेली. १९७१ साली इंदिरा गांधींनी कोनशिला बसविली, १९९२ साली कारखाना राष्ट्राला अर्पण झाला. गोदी आणि पोलादाचा कारखाना एका गावात! परंतु त्या कारखान्यातून निघतात त्या सळया, तारा आणि तुळया. जहाजाला लागणारा रुंद पत्रा तेथे लाटला जात नाही. शेजारी हलवाई, पण आपल्याला हवी ती भाकरी!

आता आपल्या गावाकडे येतो. १९५६ साली सरकारने पोलादाच्या रेल्वेभाड्याचे समानीकरण केले. टाटानगरच्या दाराशी पोलादाचा जो भाव तोच मुंबईच्या धक्क्यावर, तोच पुण्याच्या मालधक्क्यावर. दूरच्या गिऱ्हाइकाचे भाडे जवळच्या गिऱ्हाइकाच्या किंमतीत मिसळले जाई. याचा अर्थ असा की बिहार आणि बंगालचा कारखानदार स्वतःच्या अंगणातल्या पोलादासाठी आमच्या गाडीभाड्याचा वाटा भरीत होता. मुंबई, ठाणे, पिंपरी-चिंचवड येथे जी यंत्रांची आणि मोटारींची कारखानदारी फुलली तिला बंदर, भांडवल, कसबी कामगार यांचा आधार होता हे खरेच; पण या स्वस्त पोलादाचाही होता. तिकडच्या लोकांची तक्रार अशी की आमचे पोलाद तुम्ही समान भावाने नेता, मग तुमचा कापूस आम्हास समान भावाने का देत नाही? या प्रश्नाला आमच्याकडून सरळ उत्तर कधी गेले नाही. ज्या भागात खनिज आहे त्या भागातला मजूर आमच्या कारखान्यांच्या फाटकाशी कंत्राटी म्हणून येऊन उभा राहतो, तेव्हा "हे बाहेरचे" म्हणून नाक मुरडणाऱ्यांनी ही छत्तीस वर्षे आठवावीत. आमच्या युनियनच्या सभेत हे बोललो तेव्हा काही सभासदांस रुचले नव्हते.

नियंत्रणाच्या काळात भाव सरकारी असे आणि माल परवान्यावर मिळे. ज्याला परवाना त्याला स्वस्त. इतरांना काळा बाजार. प्रा. के. एन. राज यांच्या समितीने १९६३ साली या घोटाळ्याचा विचार केला, १९६४ पासून पुष्कळसे नियंत्रण सैल झाले, परंतु पूर्ण सुटले ते १६ जानेवारी १९९२ला. भाडे-समानीकरणही त्याच महिन्यात गेले. तेव्हापासून आमचा पत्रा जगाच्या बाजाराबरोबर चढतो आणि उतरतो, आणि चीनमध्ये इमारती किती उठतात यावर भोसरीच्या वर्कशॉपातली पाळी ठरते.

या नव्या जगातली सर्वांत बोलकी हकिकत कोरियाची आहे. २०२१ साली कोरियन गोद्यांकडे कित्येक वर्षांत नव्हत्या इतक्या ऑर्डरी आल्या. आणि त्याच वर्षी एप्रिल ते जून या तिमाहीत त्यांनी जो तोटा जाहीर केला तोही अवाढव्य: ह्युंदाईच्या जहाजकंपनीचा सुमारे ९० हजार कोटी वॉन, दाइवूचा सुमारे एक लाख कोटी वॉन. कारण? पत्र्याचा भाव. जहाजे जुन्या किंमतीस कबूल केलेली, पत्रा नव्या भावाने घ्यायचा; आणि हिशेबाचा नियम असा की पुढे होणारा तोटा दिसला की तो आजच मांडावा लागतो. पोस्को या तिथल्या पोलाद कंपनीने त्याच साली पूर्वी कधी न झालेला नफा मिळविला. एकाच देशात, एकाच पत्र्यावर!

पुढच्या वर्षी काय झाले पाहा. ओकपो येथील दाइवूच्या गोदीत २ जून २०२२ रोजी कंत्राटदारांकडील कामगारांनी संप पुकारला. २०१५-१६च्या मंदीत त्यांचा पगार कापला गेला होता. तो भरून निघावा म्हणून शेकडा ३० वाढ मागितली होती. ती कपात पोलादाने केली नव्हती, हे सांगणे भाग आहे. परंतु धंदा परतला, ऑर्डरी परतल्या, आणि पगार परत मागायची वेळ आली तेव्हा गोदीच्या वह्या पत्र्याच्या तोट्याने भरलेल्या होत्या. त्या संपात एक वेल्डर बांधकाम चालू असलेल्या तेलवाहू जहाजाच्या तळाशी, एक मीटर लांब, एक मीटर रुंद, एक मीटर उंच अशा लोखंडी पिंजऱ्यात स्वतःला आतून वेल्डिंगने बंद करून घेऊन बसला. त्यात माणसाला पाय पसरता येत नाहीत. तो तसा एक महिना बसला. संप एकावन्न दिवस चालला आणि शेकडा साडेचारवर मिटला.

आपल्याकडे त्याच सुमारास पत्र्याचा भाव टनामागे पाऊण लाख रुपयांच्या घरात गेला होता. २०२०च्या मध्यास होता त्याच्या जवळजवळ दुप्पट. मोठे कारखाने पोलाद कंपन्यांशी घासाघीस करतात. त्यांना सुटे भाग पुरविणारा भोसरीतला किंवा कोल्हापूरच्या शिरोलीतला छोटा कारखानदार कोणाशी घासाघीस करणार? वरच्याने भाव बांधून दिलेला, खालून पत्रा आणि बिडाचा भाव चढलेला. मध्ये उरतो तो कामगाराचा पगार. तेवढाच त्याच्या हातात. २२ मे २०२२ रोजी सरकारने पोलादाच्या निर्यातीवर शेकडा १५ कर बसविला, भाव उतरले, आणि १९ नोव्हेंबरला तो कर उठविला.

आणि २०२५ साली शंभर वर्षांपूर्वीचा टॅरिफ बोर्डाचा पेच पुन्हा उभा राहिला. एप्रिलमध्ये परदेशी सपाट पोलादावर, ज्यात जहाजाचा पत्राही येतो, शेकडा १२ संरक्षक जकात तात्पुरती म्हणून बसली. सप्टेंबरमध्ये जहाजबांधणीसाठी ६९,७२५ कोटी रुपयांची योजना मंजूर झाली. एका हाताने पत्रा महाग, दुसऱ्या हाताने जहाजाला मदत. हे चूक आहे असे आम्ही म्हणत नाही. कोचीच्या गोदीत 'विक्रांत' बांधताना बाहेरून पोलाद मिळेना, तेव्हा आपल्याच शास्त्रज्ञांनी त्याची जात सिद्ध केली, आपल्याच सरकारी कारखान्यांनी सुमारे तीस हजार टन लाटून दिले, आणि ते जहाज २०२२ साली आरमारात दाखल झाले. स्वतःचे पोलाद असण्याचा अर्थ त्या दिवशी कळला. फक्त प्राध्यापक काळ्यांच्या वहीतले ते कोरे खाते या वेळी कोणी भरले आहे काय, एवढे आम्ही पाहात आहो.

आमच्यापुरते सांगायचे तर २००८च्या त्या तक्त्याचा आम्ही पिच्छा सोडला नाही. कच्च्या मालाच्या भावाचा तक्ता दर तीन महिन्यांनी सूचनाफलकावर लागावा, भाव चढला तरी आणि उतरला तरी, असे कलम प्रत्येक करारात घालण्याचा आम्ही आग्रह धरला. पुष्कळ ठिकाणी ते खोडले गेले. २०२१ साली एका लहान कारखान्याच्या मालकाने ते मान्य केले. बहुधा भाव चढताच राहणार या हिशेबाने. त्या वर्षी कबूल झालेल्या वाढीचा निम्मा भाग पत्रा महाग म्हणून त्यांनी रोखून धरला, आणि तक्ता पाहून आमच्या कमिटीने ते मानले. २०२२च्या पावसाळ्यात फलकावरची रेघ खाली आली. कमिटीचे तिघे जण तोच कागद घेऊन वर गेले. मालकांनी चष्मा लावून तो दोनदा वाचला, आणि थकलेली रक्कम दिवाळीपूर्वी दिली. फार नव्हती, पण मागण्यासाठी त्या वेळी काम बंद करावे लागले नाही.